यादीबाहेरचा फोन

नवीन अपडेट उपलब्ध आहे. आत्ता / नंतर

ही पाटी महिन्यातून एकदा फोनवर यायची आणि ताई दर महिन्याला 'नंतर' दाबायची. धाकट्यानं तसं बजावून ठेवलं होतं. "तो कितीही मागे लागला तरी 'आत्ता' म्हणायचं नाही, ताई. एकदा दाबलंस की माझी सगळी मेहनत पाण्यात. फोन वाजायचा बंद. मग मला पुन्हा केबल घेऊन तिथपर्यंत यावं लागेल."

शेवटचं वाक्य त्यानं भीती घालायला म्हटलं होतं. ताईच्या डोक्यात ते भलत्याच जागी जाऊन बसलं.

म्हणजे एवढंच होतं. एक बोट, एक चौकोन, आणि भाऊ घरी. 'नंतर' दाबताना दर वेळी ताईचं बोट जरा रेंगाळायचं. दुकानासमोरून जाताना घ्यायचं नसलं तरी आपली पावलं रेंगाळतात, तसं.

नेटवर्क नाही

हे सगळं सुरू झालं ते 'छोटी'मुळे.

ताईची गल्ली उताराच्या तळाशी, पाण्याच्या टाकीमागे. मोठ्या कंपन्यांचे टॉवर टेकडीच्या पलीकडे तोंड करून उभे, त्यांची रेंज इथवर पोचेपर्यंत धाप लागून मरते. एकाच लहानशा कंपनीचा टॉवर टाकीच्या डोक्यावर आहे. तिला खरं नाव आहे, पण गल्लीत सगळे तिला छोटीच म्हणतात. छोटी स्वस्त, छोटी जवळची, पण छोटीचे नखरे मोठ्यांच्या वर. तिनं जुनं नेटवर्क बंद केलं आणि जाहीर करून टाकलं, की यापुढे बोलायचं ते नव्या नेटवर्कवरून, आणि तेही आमच्या यादीतल्या फोनवरून. बाकीच्यांनी इंटरनेट वापरावं, मेसेज पाठवावेत. बोलू मात्र नये.

ताईचा फोन धाकट्यानं वापरून दिलेला, मुळात कुठल्या तरी दूरच्या देशात विकायला बनवलेला. छोटीच्या यादीत तो असायचं काही कारणच नव्हतं. एका सकाळी तो मुका झाला. इंटरनेटवरून बोलून पाहिलं, तर त्या परदेशी फोनला घरात इंटरनेटची एकच दांडी. आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा, आणि त्यातलेही निम्मे शब्द विहीरच गिळायची.

तेव्हा धाकटा आला. ताईच्या आजारपणात त्यानं रोज चौकशी केली होती, छत गळलं तेव्हा न मागता पैसे पाठवले होते. फोन बिघडला तेव्हा तो स्वतः आला. यात त्याला दोष द्यावा असं काही नाही. ज्यातलं आपल्याला कळतं त्यासाठी माणूस धावतो. तो कुठल्याशा कंपनीत मोठमोठ्या यंत्रांवर लक्ष ठेवतो. भाऊ काय करतो असं कुणी विचारलं की ताई सांगायची, यंत्रांना झोप लागू नये म्हणून जागा राहतो.

खिडकीपाशी ताईचं कापड कापायचं टेबल आहे. त्यावरचे खडू आणि रिळं बाजूला सारून तो दोन दिवस बसला. आधी फोन आतून धुऊन पुसून कोरा केला. मग जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून बनवलेलं सॉफ्टवेअर त्यावर चढवलं. आणि मग त्या सॉफ्टवेअरला स्वतःचा एक टाका घातला.

"म्हणजे नक्की केलंस काय?"

"आता छोटीला वाटेल, हा आपल्या यादीतलाच फोन आहे."

"म्हणजे दुसऱ्याचा कोट उसवून मापाचा करून दिलास."

"तसंच काहीसं."

एवढंच बोलणं. बाकी वेळ तो पाठमोरा आणि ती मागे काजं करत बसलेली. लहानपणी त्याचे केस तीच कापायची, आई गेल्यापासून. मानेवर जिथे कात्री थांबायची तिथे आता पांढरं दिसत होतं. ती बघत राहायची. तो वळला की सुईत दोरा ओवायची. मध्ये दोनदा काम अडलं, धाकट्यानं कपाळावर हात मारला, आणि दोन्ही वेळा ताईला मनातून बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ऊन उतरता उतरता फोन वाजला. धाकट्याला कोण आनंद झाला. त्या आनंदातच त्यानं बॅग भरली.

कॉल चालू आहे

"हॅलो. … हो, येतोय. तुला? … आता? … थांब, खिडकीत येते. … आता? … हां, आता छान. … नाही रे, 'नंतर'च दाबलं. … टिकते की, दिवसभर जाते बॅटरी. … मी बरी. तू? … बायको बरी आहे ना तुझी? … बरं. … मध्येच तुटलं जरा, काय म्हणालास? … काही नाही ना? … बरं. … हो. ठेव."

दर रविवारी हेच. ही दोघं आठवड्यातून एकदा फोन करायची ते फोन चालतोय की नाही हे विचारायला. कुणी चोरून ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, तारखात्याची माणसं आहेत. पण ताईचा अख्खा आठवडा त्या बोलण्याकडे उतरत यायचा. सोमवारी ती पुन्हा वर चढायला लागायची.

आणि एका रविवारी धाकटा खुशीत येऊन म्हणाला, "ताई, फोन आता दगड झालाय बघ, एकदम पक्का. आणखी दोन-तीन वर्षं तरी बघायला नको."

वाय-फाय जोडले आहे

ताई ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपडे मापाचे करून देते. पुढे काउंटर. मागच्या खोलीत तिचं मशीन, आणि भिंतीला लागून इस्त्रीवाली, तिची वाफ आणि तिचं तोंड. दोन्ही दिवसभर चालू.

"आज काय तोंड शिवून आलीस?" इस्त्रीवाली म्हणाली.

"काही नाही. भाऊ म्हणाला, फोन दगड झालाय."

"मग चांगलंय की."

"चांगलंच आहे."

"येणार कधी आहे तो?"

"आता कशाला येईल? फोन चालतोय ना."

इस्त्रीवालीनं इस्त्री उभी केली. "म्हणजे तो फोनचा भाऊ आहे, तुझा नाही."

"तसं काही नाही गं."

"मग बिघडव बाई." ती हसली आणि कुणाच्या तरी शर्टाच्या बाहीवर फुस्सकन वाफ सोडली. "माझा नवरा बघ. नळ गळला तरच घरात थांबतो. मी वर्षभर नळ नीट होऊ दिला नाही."

ताई हसली नाही. जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीवाली बाहेर गेली, तेव्हा तिनं फोन मशीनच्या पाटावर ठेवला. पाटी आलेलीच होती. आत्ता, नंतर. तिनं बोट फ्रॉकला पुसलं. स्वतःच्या नव्हे, समोर उसवून पडलेल्या कुणाच्या तरी. आणि दाबलं.

दुकानातलं इंटरनेट जोरात असल्यामुळे वेळ लागला नाही. फोन काळा झाला, उजळला, पुन्हा काळा झाला, आणि नवी कापडं घातल्यासारखा परत आला. तीच चित्रं, तेच आकडे. काहीच झालं नाही असं वाटून ताई दचकली.

"मला फोन कर," इस्त्रीवाली परतल्यावर ती म्हणाली.

"समोर तर उभी आहेस."

"कर गं."

इस्त्रीवालीनं केला. दोघी पाटावरच्या फोनकडे बघत राहिल्या. तो गप्प पडून होता.

"काय म्हणतेय?"

"ती रेकॉर्डातली बाई म्हणतेय, या क्रमांकाची व्यक्ती उपलब्ध नाही."

"मी आहे की इथे."

"मी सांगून काय उपयोग? ती ऐकत नाही."

रविवार, पहिला प्रकार

धाकट्यानं नेहमीच्या वेळी फोन लावला. उपलब्ध नाही. पुन्हा लावला. त्याच्या कपाळाला आठी पडली. ताईनं 'आत्ता' दाबलं वाटतं, तो बायकोला म्हणाला. आता जावं लागणार. बायको म्हणाली, जा की. तो कपाट उघडून केबल शोधायला लागला.

रविवार, दुसरा प्रकार

धाकट्यानं फोन लावलाच नाही.

रविवार, ताईच्या घरी

आणि ताईला कळायला मार्ग नव्हता की दोन्हींपैकी कुठलं झालं.

दाबण्याआधी तिनं बाकी सगळा विचार केला होता. तो चिडेल, कदाचित दुसऱ्या कुणाला पाठवेल, तेव्हा कुठलं तोंड दाखवायचं, कुठली उशी त्याला द्यायची. एवढं मात्र लक्षातच आलं नाही, की मुका फोन कुणी हाक मारली हेसुद्धा सांगत नाही. मोठ्या कंपन्या म्हणे मेसेज तरी पाठवतात, अमक्यानं तुम्हाला फोन केला होता. छोटी त्या फंदात पडत नाही. आतापर्यंत फोन आला नाही तर ताईला स्वच्छ कळायचं, की आला नाही. मग राग यायचा, रुसता यायचं, पुढच्या रविवारी टोमणा मारता यायचा. आता तेही गेलं. आपल्याच हातानं घालवलं.

तिनं टेबल खिडकीपाशी आणखी सरकवलं. काही उपयोग नाही हे माहीत असून फोन काचेला टेकवून ठेवला. समोर टाकी, टाकीवर टॉवर, टॉवरवर एक पक्षी. पक्षी उडाला. दुसरा येऊन बसला.

सोमवारी काही नाही. मंगळवारी दुपारी दुकानात मेसेज आला.

*ताई परवाचा रविवार गडबडीत गेला. फोन करायचा राहूनच गेला. सगळं ठीक ना? अपडेट दाबलं नाहीस ना?*

म्हणजे दुसरा प्रकार.

तिनं लिहिलं, *दाबलं.* मग पुसलं. मग लिहिलं, *दाबलं, ये.* तेही पुसलं. बोलता बोलता सुटून जाणारे शब्द लिहायला गेलं की तारण मागतात. शेवटी तिनं *ठीक* एवढंच पाठवलं, मालकांना सांगून लवकर निघाली, आणि छोटीच्या कार्यालयात गेली. तिथल्या काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "यादीतला एक द्या. कुठलाही. फक्त वाजायला पाहिजे."

दुसरा तसला रविवार तिला सोसवला नसता. न येणारा भाऊ चालेल. आलेली हाक कानावर न पडणं चालणार नाही.

कॉल चालू आहे

"ताई? आज कसा फोन? काय झालं?"

"काही झालं नाही."

"आवाज कसला स्वच्छ येतोय. खिडकीत आहेस?"

"नाही, स्वयंपाकघरात."

"तिथे कशी येते रेंज?"

"नवा फोन घेतला. छोटीचाच. जुन्यावर मी 'आत्ता' दाबलं."

"चुकून?"

"नाही."

तो म्हणाला, "असू दे. यादीतला घेतलास ना? मग आता बघायलाच नको."

लाईन इतकी साफ होती, की त्याच्याकडचा नळ ऐकू आला, बशीवर चमचा ठेवल्याचं ऐकू आलं, आतून त्याच्या बायकोनं विचारलेलं ऐकू आलं, "कोण आहे?" "ताई." "बरी आहे ना?" "बरी आहे." आपल्या तब्येतीची चौकशी आपल्याला वगळून झालेली ताईनं ऐकली. आता रेंजला दोष देता येत नव्हता. मध्येच काही तुटलं असं म्हणता येत नव्हतं. तुटायला काही चाललंच नव्हतं.

"ये ना एकदा," ती म्हणाली.

"येईन की. काही काम होतं?"

"नाही. असंच."

"असंच," तो म्हणाला, कपड्यात जास्तीचं बटण सापडल्यावर गिऱ्हाईक ते उलटसुलट करून बघतं तसा. "मला यायला काही नाही गं. पण येऊन करू काय?"

त्यात कुत्सित काही नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. लहानपणी कुणाकडे न्यायचं म्हटलं की तो असाच विचारायचा, तिथे जाऊन मी काय करू? मग ताई पिशवीत एक बंद पडलेलं घड्याळ टाकून घ्यायची. यजमानांच्या कोपऱ्यात तो ते उघडून बसला की मोठ्यांच्या गप्पा व्हायच्या, आणि निघताना हाच म्हणायचा, थांबू ना अजून थोडं.

तिनं तोंड उघडलं. पण त्याआधी तोच बोलला.

"जुना टाकून दिलास का?"

जुना समोरच पडला होता, साखरेच्या डब्याजवळ.

"नाही. आहे."

"बंद आहे?"

"चालू आहे. बोलत नाही, एवढंच."

"बघायला पाहिजे," तो म्हणाला. आवाजात जाग आली. "नव्या आवृत्तीत त्या लोकांनी आतली सगळी रचनाच हलवलीय म्हणे. माझा जुना टाका तिथे बसायचा नाही. नव्यानं घालावा लागेल. आणि छोटीनंही मध्ये काहीतरी बदललंय, ते आधी शोधायला हवं…"

नवा फोन हातात असताना जुन्याचं लोणचं घालायचंय का, असं कुठल्याही शहाण्या माणसानं विचारलं असतं. ताईनं विचारलं नाही. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. तो सांगत राहिला, ती हुंकार देत राहिली. नळ बंद झाला, त्याच्या बायकोनं एकदा जेवायला हाक मारली, तो "आलो" म्हणाला आणि बोलतच राहिला. इतका वेळ ही दोघं कित्येक वर्षांत बोलली नव्हती. त्यातला शब्दन् शब्द फोनबद्दल होता.

"अवघड आहे का रे?" तिनं विचारलं.

"आहे जरा. पण होईल. पुढच्या महिन्यात सुट्टी टाकतो. दोन दिवसांत व्हायला हरकत नाही."

"घाई नको करूस," ताई म्हणाली. "नीट कर."