सेवाज्येष्ठता यादी

मंगळवारी कुणीतरी भागवतमामांचा गुडघा फोडला, बुधवारी आप्पा वायरमनचा हात मोडला, आणि गुरुवारी वनमालाबाईंना स्कूटीवरून ओढून त्यांचे पुढचे तीन दात पाडले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एक, दोन, तीन. हा माझ्याच रजिस्टरमधला अनुक्रम होता. मीच लावलेला, माझ्याच वळणदार अक्षरात, काळ्या शाईने लिहिलेला.

मी रवि. धारूरचा घाट उतरलं की मल्हारगंगा नावाचा खाजगी साखर कारखाना लागतो, तिथे टाइम ऑफिसला कारकून. अकरा वर्षं झाली. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, हे लिहिणं माझं काम. ऊस उतरवायच्या यार्डातला माणूस बारा तास राबायचा आणि मी आठ लिहायचो. वरून तसं सांगितलेलं होतं. मला त्याची लाज वाटत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही स्टाफ, ते लेबर. आमचा चहा कपबशीत यायचा, त्यांचा प्लॅस्टिकच्या ग्लासात, आणि सात सात महिने पगार झाला नाही तरी आमची कपबशीची ऐट काही जात नव्हती.

ती वनमालाबाईंनी उतरवली. बाई लॅबमध्ये केमिस्ट, एम.एस्सी. झालेल्या. एकदा टाइम ऑफिसला आल्या आणि माझ्या टेबलावर हात टेकून म्हणाल्या, "रवि, गेटवरच्या वॉचमनला माझ्यापेक्षा दोन हजार जास्त मिळतात. मी लेबर न्हाई तर कोण हाय, तूच सांग." दिवाळीच्या आधी ऑफिसचे चौदा आणि यार्डाचे अठ्ठावीस जण खंडोबाच्या देवळात एकत्र बसले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. एकच मागणी ठरली. जेवढे तास काम, तेवढ्या तासांचा पगार, स्टाफ असो की लेबर. तसं लिहून मिळेपर्यंत सीझनची पहिली मोळी गव्हाणीत पडू द्यायची नाही. गव्हाण म्हणजे जिथून ऊस आत ओढला जातो ती जागा. ती थांबली की कारखाना थांबला.

यार्डवाल्यांची रीत सरळ होती. देवापुढचा बेल-भंडारा उचलायचा, शब्द द्यायचा, विषय संपला. मला ते गावंढळ वाटलं. संघटना म्हटल्यावर रजिस्टर नको? नाव, हुद्दा, भरतीची तारीख नको? मी कागद काढला आणि एकेकाला विचारून टिपणं घेऊ लागलो. सगळ्यांनी नावं दिली. गव्हाणीवरच्या सटवानं तेवढं दिलं नाही. वीस वर्षं जुना माणूस, बोलायला कमी.

"म्या भंडारा उचललाय, रविदादा. कागद कावून पायजे?"

"नियमानं पाहिजे, सटवा."

"माजं नाव लिव्हू नका. शब्द दिलाय, तेवढा बास हाय."

मी हो म्हणालो. घरी येऊन रजिस्टरमध्ये स्वच्छ प्रत काढायला बसलो. यादी सेवाज्येष्ठतेनं लावली, म्हणजे सगळ्यात जुना माणूस वर आणि नवा खाली. वीस वर्षं जुना माणूस वगळला तर पुढचे सगळे नंबर चुकत होते. अशी चुकीची यादी मी जन्मात केलेली नव्हती. चौथ्या नंबरला मी सटवाचं नाव लिहून टाकलं.

माझा नंबर एकोणिसावा येत होता. तो मी लिहिला नाही. अठरानंतर पुढच्या माणसाला एकोणीस केलं आणि शेवटी 'लेखनिक' असं लिहून खाली कुणाला वाचता येणार नाही अशी बारीक सही ठोकली. लिहिणाऱ्याचं नाव यादीत नसतं, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे मी भ्यालो. दुसऱ्याचा नंबर चुकलेला मला चालत नव्हता, स्वतःचा मात्र बिनबोभाट गाळता आला.

आणि ते रजिस्टर मी ठेवलं कुठे? टाइम ऑफिसच्या लोखंडी कपाटात. घरी उंदीर, शिवाय ओल. रजिस्टर कपाटात ठेवायचं असतं, एवढंच अकरा वर्षांत हाताला वळण लागलेलं. कपाट कारखान्याचं आहे आणि त्याची दुसरी किल्ली मॅनेजरसाहेबाकडे आहे, हे माझ्या लक्षातही आलं नाही. यार्डातल्या एकाही अडाणी माणसानं ही चूक केली नसती. ती करायला माझ्यासारखा बी.कॉम. लागतो.

शुक्रवारी दुपारच्या चहाच्या सुट्टीत मी कपाट उघडलं. रजिस्टर जागच्या जागी होतं. पहिल्या तीन नावांपुढे लाल पेनानं बरोबरच्या खुणा केलेल्या होत्या. काम झाल्याची नोंद. मी अकरा वर्षं अशाच खुणा करत आलो होतो.

रजिस्टर पिशवीत घालून मी कारखान्यामागच्या पत्र्याच्या खोल्यांकडे धावलो. साडेतीन वाजले असतील. चारच्या पाळीला निघण्याआधी सटवा बाजेवर बसून भाकरी खात होता. त्याची बायको मुक्ताबाई दारात कोयत्यानं उसाचं वाढं तोडून शेळीला घालत होती. मी सगळं सांगितलं. काहीही न लपवता सांगितलं, असं म्हणायला मला आवडलं असतं.

मुक्ताबाईनं कोयता खाली ठेवला आणि रजिस्टर हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. चौथी ओळ मी दाखवली.

"हे आक्षर कुनाचं?"

"माझं."

"ह्यांनी नगं म्हणलं हुतं."

"हो."

"आन तुमचं नाव कितव्या नंबरला हाय?"

मी शेळीकडे बघायला लागलो. तिनं परत विचारलं नाही. रजिस्टर माझ्या छातीवर टेकवलं आणि परत वाढं तोडायला लागली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"सटवा, पाया पडतो, दोन दिवस कुठंतरी जा," मी म्हणालो. "धारूरला बहीण आहे ना तुझी?"

"म्या गेलो तर ते पाचव्याकडं जातील. पाचवा कोन हाय?"

"सुभद्राबाई. झाडूवाली."

"मंग कसं जाऊ?" असं म्हणून त्यानं ताटात पाणी ओतून हात धुतला आणि शर्टाची बटणं लावायला लागला. त्याच्या बोटांना घाई नव्हती.

तेवढ्यात पांढरी गाडी खोल्यांच्या तोंडाशी येऊन थांबली. चौघे उतरले. पुढे पप्पू होता, कारखान्याच्या सिक्युरिटी ठेकेदाराचा माणूस. बाकीच्यांच्या हातात पाइप होते. शेजारच्या खोल्यांची दारं भराभर लागली.

"सटवा कोन बे?" पप्पू म्हणाला.

"मी," मी म्हणालो.

हे कसं काय तोंडातून गेलं, मला अजून कळत नाही. पप्पूनं माझा उजवा हात धरला, तळवा वर केला आणि अंगठ्यानं दाबून पाहिला. बोटावर काळ्या शाईचा डाग होता. तो हसला.

"गव्हाणीवरच्या मानसाचा तळवा आसा आसतो व्हय? लई मऊ हाय की."

"मग मलाही मारा. मी रवि, टाइम ऑफिसचा. मीही संघटनेत आहे."

त्यानं खिशातून मोबाइल काढला. त्यात माझ्या रजिस्टरचे फोटो होते. एकेक पान सरकवत तो खालपर्यंत गेला. "तुजं नाव न्हाई हितं. साहेब नंबरावर पैसे देतो. फुकटात कोन हात दुखवून घेईल? आधीच पेट्रोल आमच्या खिशातून जातंय."

त्याचीही मजुरी मारली जात होती, आणि त्याचा राग तो आमच्यावर काढणार होता.

"सटवा म्या हाय," मागून आवाज आला. सटवा दारातून बाहेर आला होता.

पहिला पाइप नडगीवर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो खाली पडला तसा दुसरा खांद्यावर, तिसरा बरगड्यांत. तो ओरडत नव्हता, नुसता श्वास बाहेर टाकत होता. मुक्ताबाई कोयता घेऊन धावली आणि एकाच्या दंडावर तिनं असा घाव घातला की बाही फाटून मांस उघडं पडलं. तो गुरासारखा ओरडला. दुसऱ्यानं तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. शेळी दावं तोडून पळाली. पप्पूनं दंड धरलेल्या आपल्या माणसाकडे पाहिलं, खाली पडलेला पाइप उचलला आणि सटवाच्या डोक्यात घातला. त्याच्या कानातून रक्त यायला लागलं.

मी सटवावर आडवा पडलो. धाडस वगैरे नव्हतं ते. आता बघवत नव्हतं, एवढंच. उजवा हात त्याच्या डोक्यावर धरला आणि त्यावर पुढचा पाइप बसला. एकदा, आणि परत एकदा. बोटं कुठल्या कुठे वळली. एवढा मार मात्र पप्पूनं फुकटात दिला.

मग चारचा भोंगा झाला. ते गाडीत बसून निघून गेले. दारं उघडली, माणसं आली. सटवाला टेम्पोत घालून बीडला नेलं. वाटेत मुक्ताबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या लुगड्याचा पदर लाल होत गेला, तरी ती त्याला हळू आवाजात शेळी सापडल्याचं सांगत होती. शेळी सापडलेली नव्हती. रविवारी दुपारी सटवा गेला.

सोमवारी मोळी टाकायचा मुहूर्त होता. मंडप घातलेला, स्पीकर लावलेला, चेअरमन सपत्नीक आलेले, गव्हाणीजवळ फुलांचे हार घातलेली उसाची मोळी ठेवलेली. मला वाटलं होतं, आता गेटबाहेर कुणी उभं राहणार नाही. सटवाला पोचवून आल्यावर मी माणसांच्या डोळ्यांत भीती पाहिली होती. पण सुभद्राबाई आली. झाडूसकट आली. मग बाजेसकट भागवतमामांना टेम्पोतून आणलं. आप्पा आला, हात गळ्यात बांधून. वनमालाबाईंनी तोंडाला ओढणी बांधली होती. ऑफिसचे लोक आणि यार्डाचे लोक वेगळे उभे राहिले नाहीत. आत मुहूर्ताची वेळ झाली, भटजी मंत्र म्हणून मोकळे झाले, पण गव्हाण चालवायला माणूस नव्हता. मोळी तिथेच पडून राहिली.

गेटच्या आत पप्पू मोबाइल घेऊन उभा होता. आमचे फोटो काढत होता.

मुक्ताबाई सगळ्यात शेवटी आली. कपाळावर टाके होते. माणसं बाजूला झाली. ती सरळ माझ्यासमोर येऊन थांबली. "रजिश्टर कुठं हाय?"

ते माझ्या पिशवीत होतं. सटवाच्या नावापुढे काय लिहावं, याचा मी रात्रभर विचार केला होता. काहीतरी मोठा शब्द लिहायचा होता, लाल शाईनं. मी तिला तसं सांगितलंही.

"काई लिव्हू नका," ती म्हणाली. "त्यांचं नाव खोडा."

"मुक्ताबाई, त्याच्यामुळे तर आज सगळे..."

"त्यांनी तुमाला नाव दिलं न्हवतं. शब्द दिलता, आन तो पुरा केला. आता कागदावर कावून ठिवता त्यास्नी?"

माझा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. मी रजिस्टर भागवतमामांच्या बाजेवर उघडं ठेवलं, डाव्या हातात पेन धरलं आणि सटवाच्या नावावर रेघ मारली. रेघ हलली. तिनं वाकून पाहिलं. तिला वाचता येत नसलं तरी रेघ कळत होती.

"चौथ्या नंबरला आता कोन?" तिनं विचारलं.

मी त्या रेघेच्या वर माझं नाव लिहिलं. बापाच्या नावासकट लिहिलं, रवि ईश्वरप्पा. पुढे हुद्दा लिहिला आणि भरतीची तारीख. अकरा वर्षांचा माणूस वीस वर्षांच्या जागेवर बसला, यादी साफ चुकली. मग डाव्या हातानं, प्लॅस्टरचा आधार देऊन रजिस्टर उचललं आणि गेटच्या गजांजवळ नेलं, पप्पूला फोटो नीट यावा म्हणून. त्यानं मोबाइल वर केला. अक्षर लहान पोरासारखं वाकडंतिकडं आलं होतं, पण वाचता येत होतं.