देवकीची लोखंडी चूल

लढाई संपली आणि कल्याणच्या छावणीतलं सामान मोडीत निघालं, तशी देवकीने नवऱ्याला, राघोला, गाडी जुंपून तिकडे पाठवलं. वैशाखरे गावात नदीकाठी एका गोऱ्या इंजिनियरचा जुना बंगला होता. तो भाड्याने घेऊन तिने पुढच्या खोलीत चहाचं दुकान थाटलं होतं. घाटाने येणारे-जाणारे बैलवाले थंडीचे तिथे टेकत. भिंतीत साहेबाची दगडी शेकोटी होती, वर धुराडं होतं, पण निम्मा धूर खोलीतच कोंडायचा. देवकीला तिथे दाराची, नळीची लोखंडी चूल बसवायची होती. राघोने ती आणली खरी. भिंतीशी नेऊन बघतात तर चूल रुंद आणि शेकोटीचं तोंड अरुंद.

"परत मोडीत घालू," राघो म्हणाला.

"चूल काय बारीक व्हायची नाय. भिंत फोडा," देवकी म्हणाली. "म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेआधी पेटली पायजे."

चांगो गवंडी आला. वरच्या भिंतीला त्याने सागाच्या ओंडक्यांचे टेकू दिले, तोंडावरचा आडवा दगड उतरवला आणि दोन्ही बाजू फोडल्या. नवा, लांब दगड शहापूरहून यायचा होता. दुपारी निरोप आला, वाटेत गाडीचा आस मोडलाय. तेवढ्यात वरून चुन्याचा एक पोपडा सुटून खाली पडला.

"वैनी, टेकूंवर लय दिस नाय राहायचं," चांगो म्हणाला. "वर सगळं धुराडं हाय."

राघो भांडी बाहेर काढू लागला.

"भांडी राहू द्या," देवकी म्हणाली. "नदीवर लांब दगड हाय. तो आणते."

त्या दगडावर गावच्या बायका धुणं धूत होत्या. त्यांच्यात जिवली होती, गावची सुईण. तिचा शब्द कुणी मोडत नसे.

"ह्यो आमच्या सासवांच्या येळचा," जिवली म्हणाली.

"बदल्यात आमचा जुना देते. आखूड हाय, पण चांगला घडीव हाय. आन् वर काय मागायचं ते मागा."

जिवलीने हातातलं फडकं पिळलं. "पावसाळ्यात बाळंतिणींची फडकी वाळत नाय गो. ओल्यात पोरं खोकून जातात. तुझ्या चुलीपाशी वाळवू देशील?"

"देईन."

"आन् कोणाच्या घरची, कुठल्या जातीची, ते इचारशील?"

दुकानात कोण कोण बसतं, ते देवकीच्या डोळ्यांपुढे आलं.

"नाय इचारणार," ती म्हणाली.

बायकांनीच दगडाला दोर बांधले. पुरुष पहारी घेऊन आले आणि दिवस मावळायच्या आत दगड दुकानात पोचला. चांगोने त्याची एक कड तासली, तो बाजूंवर चढवला आणि सांधे चुन्याने भरले. चुना धरल्यावर टेकू काढायची वेळ आली, तेव्हा राघो पुढे झाला.

"सर रे चांगो. मी काढतो."

त्याने मोगरीने टेकूंचे ओंडके ठोकले. ओंडके घसरले, पडले. भिंत हलली नाही. राघोने तिच्यावर हात टेकला आणि हसत बायकोकडे बघितलं. चूल आत सरकवली, नळी धुराड्यात गेली आणि देवकीने काटक्या पेटवल्या. धूर सरळ वर गेला. त्या जत्रेला बैलवाले दुकान सोडता सोडेनात.

आषाढात जिवली पानांच्या इरल्याखालून गाठोडं घेऊन आली. वरच्या वाडीतल्या भिमीला मुलगी झाली होती. देवकीने चुलीजवळ दोरी बांधून फडकी पसरली. मुरबाडचा एक व्यापारी अर्धा चहा टाकून उठला.

"ही कोणाची धुणी आमच्यासमोर?"

"तान्ह्या पोरीची," देवकी म्हणाली. "बसायचं तर बसा, शेठ. चहा ऊन करून देते."

व्यापाऱ्याने दाराबाहेर बघितलं. पाऊस कोसळत होता. तो परत बसला आणि त्याने पेला पुढे केला.