कबूल केलेला बोकड

मी बोकड बोलतोय. हसायचं असेल तर लांब उभं राहून हसा. माझी धडक काय असते, ते काकासाहेबांच्या कमरेला विचारा.

घोडेगावजवळ आमची ख्रिस्ती वस्ती. काकासाहेब तिथले, साखर कारखान्यात पहारेकरी. बायको छबूबाई आणि एकुलती एक लेक पुष्पावती. माझ्या जन्माआधी पुष्पावती तापानं फणफणली. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा काकासाहेबांनी माझ्या आईच्या खुंट्याशी गुडघे टेकले. "प्रभू, पोर वाचीव. ह्या शेळीचं पहिलं करडू कापणीच्या सणाला तुझं." पोर वाचली आणि मग मी झालो.

कापणीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये जो तो आपलं पहिलं पीक, कोंबडी, भोपळा, जे निघालं असेल ते वाहतो. उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो आणि तो पैसा देवाच्या कामाला जातो. छबूबाईनं पुष्पावतीच्या जुन्या फ्रॉकची निळी पट्टी माझ्या गळ्यात बांधली. ती पट्टी पाहून वस्तीत मला कुणी हुसकत नसे. शेवटी कुणाच्या तरी ताटात जायचंय, हे आमच्या जातीला जन्मापासून ठाऊक असतं. पण मी देवाच्या दारातून जाणार होतो, आणि त्याचा मला लई तोरा होता.

तेवढ्यात शेजारच्या छगननं रंगीत टीव्ही आणला. काकासाहेब रविवारी सकाळी तिथं जाऊन बसायला लागले आणि उपासनेला उशिरा पोचायला लागले. एकदा पाहुणे आले म्हणून छगननं त्यांना खुर्चीवरून उठवून उंबऱ्यात बसवलं. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून ते माझ्याकडं बघत, तेव्हा त्यांना बोकड दिसत नसे, टीव्ही दिसत असे.

सणाआधीच्या शुक्रवारी त्यांनी छबूबाईला सांगितलं, की देवाला द्यायचं जनावर धडधाकट पाहिजे, दवाखान्यात दाखवून आणतो. आणि मला नेलं घोडेगावच्या बाजारात! यापुढं मी त्याला अहोजाहो करणार नाही.

त्यानं माझी पट्टी सोडली. व्यापाऱ्यानं माझे दात पाहिले, पाठ दाबली, रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला. मग त्याच बाजारात काकासाहेबानं एक लंगडा, एका डोळ्यानं अधू बोकड कवडीमोलानं घेतला आणि माझी पट्टी त्याच्या गळ्यात बांधली. माझ्या डोळ्यांदेखत! मी तिथंच ठरवलं, याला सोडायचा नाही.

पुढचं मला नंतर पुष्पावतीनं कानाशी लागून सांगितलं. बोकड ट्रकखाली गेला म्हणून दुसरा आणला, आणि माझ्या पैशांतून आणलेला टीव्ही हप्त्यानं घेतला, असं बापानं घरी सांगितलं. मी जिवंत असताना मला मारून टाकलं त्यानं! छबूबाईनं अंथरूणच धरलं. कबूल केलेला जीव असा गेला, आता देव माझी लेक मागून घेईल, असं एकच ती म्हणत होती. ती माउली अंथरुणात, आणि हा पत्र्यावर चढून अँटेना फिरवतोय.

पण एक गोष्ट तो विसरला. ज्यांच्या गोठ्यात जनावर नाही, ते सणासाठी अर्पणाचं जनावर याच बाजारातून नेतात. मला बन्सीनं विकत घेतलं. बन्सी आमच्याच वस्तीतला, पण सुप्याच्या कंपनीत कामाला, वर्षभर गावी फिरकलेला नाही, म्हणून मला ओळखत नव्हता. मशीनमधून त्याचा हात थोडक्यात वाचला होता. घरावर पत्रे टाकायला साठवलेले पैसे त्यानं माझ्यावर घातले. "पत्रं काय, फुडल्या साली पडतील. आधी प्रभूचं," असं तो मला वाटेनं सांगत होता. भला माणूस. पण माझं लक्ष कुठं होतं? मी दात खात होतो.

बन्सी बहिणीकडं मुक्काम करून रविवारी मला घेऊन थेट चर्चला आला. समोर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत काकासाहेब, हातात लंगड्याचं दावं. पाळकसाहेब प्रार्थना सांगत होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, माझे सोडून. धडक द्यायची तर आधी थोडं मागं सरकावं लागतं. मी सरकलो. आमेन व्हायच्या आत काकासाहेब भोपळ्यांच्या राशीत पडला होता.

पुष्पावती धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. बन्सी बिचारा गोंधळला. घोडेगावच्या बाजारातनं आणलाय, एवढंच म्हणाला.  अंथरुणातून कशीबशी उठून आलेली छबूबाई नवऱ्यापुढं उभी राहिली.

"ट्रक कुठल्या गावचा हुता?" तिनं विचारलं.

तो भोपळे सावरायला लागला. छबूबाई तडक घरी गेली आणि टीव्ही डोक्यावर घेऊन आली. भोपळे आणि कोंबड्यांच्या रांगेत तो ठेवून म्हणाली, "पाळकसाहेब, ह्यो बी आमचा बोकडच हाय. माझ्या लेकीच्या जिवापायी कबूल केल्याला. लावा लिलाव."

टीव्ही गेला. घेणाऱ्याच्या घरापर्यंत तो काकासाहेबालाच पोचवावा लागला. अहाहा! त्या दिवशी मला चारा गोड लागला.

मला लिलावात छगननं नाताळासाठी घेतलं. आता मी त्याच्या दारात बांधलेलो आहे. निळी पट्टी पुष्पावतीनं लंगड्याची सोडून पुन्हा माझ्या गळ्यात बांधली आहे. माझे दिवस भरत आले, त्याचं मला काही वाटत नाही. तुम्हाला मात्र सांगून जातो. देवाला कबूल केलेलं आधी देऊन टाका, मग उरल्यात खुशाल टीव्ही घ्या. त्याच्या वाट्याचं विकून घरात काही आणू नका. छबूबाईसारखी बाई कुणाच्या घरात असेल, सांगता येत नाही.

आत्ताच काकासाहेब आलाय. छबूबाई अजून त्याच्याशी बोलत नाही. हातात मेथीची जुडी आहे, डोळ्यांत पाणी आहे. माझ्या आईपुढं टेकले होते, तसेच त्यानं माझ्यापुढं गुडघे टेकलेत.

"चुकलो रं," म्हणतोय.

मेथी मी खाल्ली. दुसरा गाल पुढं करायची शिकवण प्रभूनं माणसांना दिली. मी बोकड आहे. त्यानं मान खाली घातली, आणि मी थोडा मागं सरकलो.