आबितानो

“आ-बि-ता-नो.” परीक्षक बाईंनी फळ्यावर अक्षरांच्या मध्ये रेघा मारल्या आणि ‘आ’च्या डोक्यावर ठळक तिरपी खूण केली. “म्हणजे ‘ते राहतात’. जोर पहिल्या अक्षरावर. ‘ता’वर द्यायला कुणी शिकवलं तुम्हाला?”

इटलीतल्या नोकरीसाठी तोंडी परीक्षा द्यायला उभी असलेली नर्स फळ्यावरची खूण बघत राहिली. मागच्या बाकावर बसलेल्या मास्तरांची कानशिलं तापली.

मास्तर पुस्तकांवरून इटालियन शिकलेले. उभ्या जन्मात एकाही इटालियन माणसाशी बोललेले नव्हते. क्रियापदाचे तुकडे पाडायचे आणि शेवटून दुसऱ्यावर जोर द्यायचा, हे त्यांनी बावीस वर्षं घोटून घेतलं होतं. चार महिन्यांपूर्वी याच नर्सने वर्गात ‘आ’वर जोर दिला होता.

“माझी मावसबहीण तिकडे असते, सर. ती असंच म्हणते.”

“मग तिच्याकडेच शीक की!”

वर्ग खो खो हसला होता. वर मास्तरांनी तिला उभं करून वीस वेळा चुकीचं म्हणायला लावलं. घरी गेल्यावर मात्र मनात पाल चुकचुकली, म्हणून शब्दकोश काढला. खूण ‘आ’वरच होती. उद्या सांगू, परवा सांगू करत चार महिने गेले.

नर्सला पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षेला यायला सांगितलं. मास्तरांनी तिला जिन्यात गाठलं.

“तुझं बरोबर होतं. चूक माझी. मला त्याच दिवशी कळलं होतं.”

“त्याच दिवशी?”

मास्तरांनी मान डोलावली.

“मी बहिणीशी भांडले, सर. म्हटलं, लोकांची भांडी घासून तुला काय कळणार? आमचे सर शिकलेले आहेत.” ती कठड्याकडे बघत म्हणाली, “तेव्हापासून तिचा फोन नाही.”

मास्तरांना जिना उतरून सरळ निघून जावंसं वाटलं.

“लाव तिला फोन,” ते म्हणाले. “मी बोलतो.”

“काय बोलणार?”

“लाव तर.”

तिने बराच वेळ नंबर नुसता बघितला, मग लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून थकलेला आवाज आला, “आज कशी आठवण झाली?”

“ती नाही, मी बोलतोय. तिला चुकीचं शिकवणारा मास्तर. तुम्ही सांगितलं होतं तेच बरोबर. मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसलो.”

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. फोन मात्र चालूच होता. जिन्यावरून माणसं उतरत होती. त्यांना वाट देत मास्तर भिंतीला टेकले आणि फोन कानाशी धरून तसेच उभे राहिले.