पुसण्याआधी एक फेरी

मित्रांनो, मी एक जुना काळा फळा आहे आणि जन्माचा भोचक! सुताराने चौकटीत ठोकून, रंग देऊन मला थेट भौतिकशास्त्राच्या खोलीत टांगले. कणावर कण आदळला तर पुढे काय होईल, याची गणिते इथे चालतात. मला वाटले, रोज स्फोट बघायला मिळतील. कसले काय! ही मंडळी दिवसभर वेढे काढतात.

म्हणजे एक आडवी रेघ आणि आजूबाजूला थोड्या फुल्या. रेघेवरून डावीकडून उजवीकडे जायचे, मग वरून किंवा खालून वळसा घालून परत यायचे. वेढ्यात सापडतील तेवढ्याच फुल्या हिशेबात धरायच्या. अख्ख्या रेघेवरच्या एवढ्या अवघड बेरजेचे उत्तर दोन-चार फुल्यांत मावते कसे, याचे मला अजून नवल वाटते.

आमच्या मॅडमचा एक नियम होता. मांडलेले पुसण्याआधी वेढ्यावरून बोट फिरवून दुसऱ्याला समजावून सांगायचे.

त्यांच्या विद्यार्थिनीला सगळे चिमणी म्हणत. वर्षभर राबून तिने हाताने एक सूत्र काढले, पण कॉम्प्युटरचा आकडा वेगळाच आला. शोधनिबंध तर दुसऱ्याच दिवशी पाठवायचा होता.

"सूत्र वगळू या, बाळा," मॅडम म्हणाल्या. "कॉम्प्युटरचा आकडाच देऊ."

चिमणीचे डोळे भरून आले. तिने डस्टर उचलले. मला फार वाईट वाटले.

"थांब गं. नियम तो नियम. बोट फिरव."

"आता कशाला, मॅडम? सगळं पाण्यात गेलंय!"

"फिरव तर."

ती चिडून बोट फिरवू लागली. "इथून उजवीकडे. वर फुल्या दोन, खाली एकच, म्हणून खालून वळले. मग डावीकडे परत..." बोट थबकले. "अगं बाई! मी घड्याळाच्या काट्यांसारखी फिरले!"

मित्रांनो, काट्यांच्या उलट फिरले तर अधिक, काट्यांबरोबर फिरले तर उणे. नेहमी वरूनच वळायची सवय, म्हणून तिने उणे घातलेच नव्हते!

तिने खडूने छोटीशी रेघ ओढली. मॅडमनी पुन्हा आकडे घालून पाहिले. जुळले की हो!

"एवढीशी रेघ," मॅडम हळूच म्हणाल्या, "आणि मी तुझं अख्खं वर्ष पुसायला निघाले होते."

आता समोर चकचकीत पांढरा फळा आला आहे. माझा रंग उडाला, खडू धड उठत नाही. कुणी रंग दिला तर नको म्हणणार नाही. पण मागणे दुसरेच आहे. उत्तर चुकले की लगेच पुसू नका. शेजारच्याला बोलवा, बोट फिरवा. कोण जाणे, तुमचेही एक उणेच राहिले असेल.