नारळावर हात

निकेशने पिशवीतून नारळ काढून प्रचारपत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवला, तेव्हा मनिषा उभ्यानेच चहा पीत होती. महिनाभर घरात खुर्च्यांचा बाजार मांडलेला होता, पण उमेदवारबाईंना बसणं काही सुचत नव्हतं. दारातून खिडकीत, खिडकीतून दारात, आणि मध्येच काहीतरी विसरल्यासारखं आत स्वयंपाकघरात.

"ह्यो कशाला?" तिने विचारलं.

"देवलात लागंल, वैनी," धाकटा दीर म्हणाला आणि मोबाइलमध्ये बघू लागला. नजर चुकवायची असली की निकेशला मोबाइल फार कामाला यायचा.

मनिषाला काय ते कळलं. तिने कपबशी खिडकीत ठेवली.

"नाय निकेश. ती नानांची रीत. आपल्यात नाय चालायची."

"मी कुटं काय बोल्लो? आरतीला नारल नको?"

प्रचाराचे भोंगे संध्याकाळीच बंद झाले होते. परवा मतदान. इतके दिवस गल्लीगल्लीत ओरडलं जाणारं आपलं नाव एकदम थांबल्यामुळे मनिषाला गाव परकं वाटत होतं. गावाच्या कडेला उभ्या राहिलेल्या टॉवरांवरून एक विमान फार खालून गेलं आणि खिडकीतला कप बशीवर किणकिणला. तो थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, मग पुन्हा दाराशी गेली.

दारातून शकू आत येत होती. छातीवर मनिषाच्या निशाणीचा, शिलाई मशीनचा बिल्ला, पायांत धूळ. मनिषा कुठे आहे हे शोधायचं असेल तर शकूला हाक मारावी, असं गावात म्हणायचे, इतकी ती तिच्या मागेपुढे असायची.

"आल्या काय बाया एकविरेशी?" मनिषाने विचारलं.

"आल्या. कोमलनं तीन बसगाड्या भरून नेलत्या." कोमल म्हणजे समोरची उमेदवार, जुने नगरसेवक नानांची सून. "मना परसाद दिला. हासल्या, बोल्ल्या. पन माज्या तोंडाकं कोन बघला नाय."

मनिषाने निकेशकडे पाहिलं. निकेशने मोबाइल खिशात टाकला. निवडणुकीत शिव्या परवडतात, शिव्या देणारा निदान समोर तरी उभा असतो. खाली घातलेली मान परवडत नाही.

या नारळाची गोष्ट जुनी होती. गेल्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी नानांनी गावातल्या बायकांना गावदेवीच्या देवळात बोलावलं होतं, तांदळावर नारळ मांडला होता आणि एकेकीला त्यावर हात ठेवून मताची शपथ घ्यायला लावली होती. पैठणी घेऊन मत फिरवणारी बाई गावदेवीची शपथ फिरवत नाही, हे नानांना पक्कं ठाऊक होतं. मनिषा तेव्हा बालवाडीत शिकवणारी नवी सून होती. देवळातून ती हात न लावता निघाली आणि त्या रात्री घरोघरी फिरली. देवी आपली आई आहे, ती नानांची वॉचमन नाही, असं तिने बायकांना सांगितलं. आईची भीती घालून मत मागतो त्याला आई का म्हणून साथ देईल? बायका आधी घाबरल्या, मग हसल्या, आणि ज्याला द्यायचं त्याला मत देऊन आल्या. नाना पडले आणि मनिषाचं नाव झालं.

त्याच वर्षी पावसात शकूचा शिवा गेला. सात वर्षांचं पोर, टॉवरच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी साचलं होतं, त्यात बुडालं. नानांच्या माणसांना फार काही बोलावं लागलं नाही. हात ठेवला होता ना नारळावर, आणि मत फिरवलं, एवढंच कोणीतरी म्हणालं, आणि ते शकूच्या कानापर्यंत बरोबर पोचलं. तिने अन्न टाकलं. देवळावरून जायला लागू नये म्हणून ती पाण्यालाही मागच्या वाटेने जायची. मनिषा महिनाभर तिच्याजवळ बसली. देवी पोरं नेत नाही शकू, पोर खड्ड्याने नेलं, आणि खड्डा बिल्डरने उघडा ठेवला, हे तिने रोज, न कंटाळता, जेवणाच्या घासाबरोबर तिला भरवलं. मग पोलिसांत गेली, बिल्डरच्या दारात बायका घेऊन बसली, खड्ड्याला पत्रे लावून घेतले. त्या एका खऱ्या बोलण्यावर शकू उठून उभी राहिली.

गोष्ट इथेच थांबली असती तर मनिषाला शाल-श्रीफळ देऊन आपण सगळे घरी गेलो असतो. पण महापालिकेची मुदत संपली तरी पुढची निवडणूक लागता लागेना, आणि वाट बघणं माणसाला फार वाईट शिकवतं. पहिल्या वाढदिवसाला पोरांनी 'भावी नगरसेविका' असा फलक लावला तेव्हा मनिषाने लाजून तो उतरवायला लावला. दुसऱ्या वर्षी राहू दिला. त्याच्या पुढच्या वर्षी फोटो बारका आला म्हणून पोरांवर चिडली. लोक मॅडम म्हणू लागले, आणि एखाद्याने नुसतं मनिषा म्हटलं तर तिला ते टोचू लागलं. यंदा प्रचार कार्यालयासाठी गाळा दिला तो त्याच बिल्डरने. रिकामाच पडून आहे, असं तो म्हणाला. शकू त्या कार्यालयाची पायरी कधी चढली नाही. काम असलं की सरळ घरी यायची. का ते मनिषाने विचारलं नाही, आणि शकूनेही सांगितलं नाही.

"कोमल आली तं अजून पाच वर्सं आपन फलकावरच," निकेश म्हणाला.

मनिषा खिडकीशी गेली, परत आली. पत्रकांवरचा आपला हसरा चेहरा तिने उगाच सरळ केला.

"आरती करू," ती म्हणाली. "नुसती आरती. बायका एकत्र आल्या म्हंजे बरं वाटंल."

"नुसती," निकेश म्हणाला आणि त्याने नारळ पुन्हा पिशवीत टाकला.

शकूच बायकांना बोलवायला गेली. आरती म्हटल्यावर तिला आनंद झाला होता.

गावदेवीच्या देवळाला आता टाइल्स होत्या, आणि त्या कोणी बसवल्या ते सांगणारी नानांची पाटी दारावर होती. दिवे लागले तशा बायका आल्या, एकविरेचा गुलाल अजून कपाळावर तसाच. आरती झाली. टाळ्या थांबायच्या आत निकेशने देवीपुढे पाट ठेवला, त्यावर तांदूळ ओतले आणि वर नारळ मांडला. हे सगळं त्याने इतकं सफाईने केलं की मनिषाला नको म्हणायला वेळच मिळाला नाही. निदान तिने तसं स्वतःला सांगितलं.

शकूच्या हातात निरांजनाचं ताट होतं. ती नारळाकडे बघत राहिली, मग मनिषाकडे. मनिषा पदर सारखा करत होती.

आणि मग जे झालं ते मनिषाच्या ध्यानीमनी नव्हतं. बायका हसल्या.

"अगो मनिषा," भामाकाकी म्हणाली. भामाकाकी गावातली जुनी मासळीवाली, तिची जीभ कोयत्यासारखी चालायची. "तूच तं बोल्ली व्हतीस, देवी काय कोनाची वॉचमन नाय."

"ठेवताव हात, ठेवताव," मागून कोणीतरी म्हणालं. "हातानं काय व्हतंय? तुजीच विद्या हाय ना."

पुन्हा हसू उसळलं. कोणी नारळाला बोट लावून चटका बसल्यासारखं मागे घेतलं, कोणी त्याची शेंडी ओढली. भीती नावाची गोष्ट या बायकांतून निघून गेली होती, आणि ती घालवली होती मनिषाने. आयुष्यात तिने एक काम मोठं केलं असेल तर ते हेच, आणि आज नेमकं तेच तिच्या आडवं आलं होतं. ती पण हसली. हसता हसता तिने दाराकडे पाहिलं. निकेश चौकटीला टेकून उभा होता. मान हलवत नव्हता, काही खुणावत नव्हता, फक्त वाट बघत होता. तिला फलक दिसले, उन्हाने पांढरे पडलेले, एकावर एक चिकटवलेले. निकालाच्या दिवशी कोमलच्या घरासमोर फुटणारे फटाके आत्ताच ऐकू आले. हे हातचं जाणार, या हसण्यातच जाणार, असं तिला लख्ख वाटलं.

"तेव्हा बोलले होते," ती म्हणाली. भाषणातला आवाज तोंडात आपोआप आला. "तेव्हा मला काय अक्कल होती, काकी? दोन बुकं शिकले होते, म्हणून वाटायचं सगळं आपल्यालाच कळतं."

हसणं अर्ध्यावर राहिलं.

"मंग आता काय येगलं कललं?" भामाकाकीने विचारलं.

इथे थांबता आलं असतं. आरतीचा प्रसाद वाटून, दोन गोड शब्द बोलून घरी जाता आलं असतं. देवीचे चांदीचे डोळे समोर होते, त्यांच्याकडे मनिषाने पाहिलं नाही.

"मी काय सांगणार? त्या वर्षी हात ठेवून आपण फिरलो. पुढे पावसात या गावात काय झालं, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे."

नाव तिने घेतलं नाही. नाव घेतलं नाही, हे पुढे बरेच दिवस ती स्वतःला सांगत राहणार होती. पण बोलता बोलता तिची नजर शकूवर गेली, आणि देवळातल्या सगळ्या नजरा तिच्या मागोमाग गेल्या.

ज्या बाईने शेंडी ओढली होती तिने हात पदराला पुसले. कोणाची तरी चप्पल पायातच राहिली होती, ती तिने गुपचूप बाहेर काढून ठेवली. भामाकाकीच्या तोंडावरचं हसू कुठे गेलं ते कळलं नाही. तिने डोक्यावर पदर घेतला, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि नारळापुढे येऊन उभी राहिली. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे आणखी एक. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, तरी रांग लागली.

आणि खरं सांगायचं तर मनिषाला बरं वाटलं. महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या पायांची वणवण थांबली. आपण जिंकलो, हे तिला त्या रांगेकडे बघून कळलं, आणि इतकी वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी हललं. तिला बसावंसं वाटलं.

तेवढ्यात शकूने हातातलं ताट खाली ठेवलं. ती रांगेच्या पुढे आली. बायकांनी तिला वाट दिली, भामाकाकीही मागे सरली. शकूने नारळाला हात लावला नाही. ती मनिषाच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. रडत नव्हती. गणित न सुटलेलं पोर बाईंकडे येतं तशी तिच्याकडे बघत होती.

"मनिषा," ती हळूच म्हणाली, "मंग माजा शिवा माज्यामुलं गेला?"

एका शब्दाचं उत्तर होतं. ते मनिषाला माहीत होतं, तिनेच ते महिनाभर शकूला भरवलं होतं. तोंड उघडून नाय म्हणायचं होतं, बस. पण शकूच्या खांद्यावरून तिला रांग दिसत होती. पार दारापर्यंत गेलेली, पदर डोक्यावर घेतलेली, घाबरलेली. तो शब्द उच्चारला की ती रांग मोडणार होती.

मनिषाने पुढे होऊन शकूचा हात हातात घेतला. हात गार होता.

"आधी हात ठेव, शकू," ती म्हणाली आणि तो तिने स्वतःच नारळावर टेकवला. "बायका खोळंबल्यात."