फिक्रूचा फोटो

इथिओपियातल्या दब्रे बरहानच्या त्या गल्लीत मर्तिकाचं सगळं बायकांचं मंडळ बघायचं. कुणी गेलं की दाराशी तंबू पडायचा, बाकं यायची, शेजारणी इंजेराच्या आंबूस पोळ्या भाजून, डाळ रटरटवून आल्यागेल्याला वाढायच्या. अस्काले त्या मंडळात म्हातारी झाली होती. दुसऱ्यांच्या तंबूत ती छाती पिटून रडली; पण तिच्या थोरल्या मुलासाठी, फिक्रूसाठी, तंबू कधी पडलाच नाही. लाल दहशतीच्या दिवसांत, लष्करी राजवट विरोधकांना हुडकून मारत होती तेव्हा, आदिस अबाबाच्या कॉलेजातून त्याला उचलून नेलं. पुढे त्याचं काय झालं, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. बातमी नाही, म्हणून तंबू नाही.

यंदा मंडळाने आदिसची सहल काढली. दिवसभरात तीन म्युझियमं आणि सोबत गाइड. त्यातलं शेवटचं त्या दहशतीत मारलेल्यांचं आहे, हे कळल्यावर अस्काले मुलीला म्हणाली, "त्सिगे, मीपण येणार."

"आई, तुला धड दिसत नाही. काय बघणार आहेस तिथे?"

"बघायला कोण चाललंय? फोटो द्यायला चाललेय. तिथे भिंतीवर लागला, म्हणजे गेला. मग तंबू टाकतील. झेनेबेचला विचारलंय मी."

आजवर 'गेला' हा शब्द आईने घरात कुणाला तोंडातून काढू दिला नव्हता. आता तीच तो मागायला निघाली होती.

फोटो फडक्यात गुंडाळून आईच्या गळ्यात असायचा. सकाळ-संध्याकाळ ती तो बाहेर काढायची, ओठांना लावायची आणि परत आत ठेवायची. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. पोलिसांनी घर धुंडाळलं तेव्हा बाकीचे सगळे फोटो नेले होते; हा तिच्या अंगावर होता, म्हणून वाचला.

बेहायलू नावाच्या गाइडचा तोंडाचा पट्टा सतत सुरू होता. पहिल्या म्युझियममध्ये काचेच्या पेटीतल्या हाडांसमोर उभं राहून तो म्हणाला, "बायांनो, ही दिंकनेश. तुमची-आमची सगळ्यांची आजी. लाखो वर्षांची आहे, पण बघा, अजून कशी सडपातळ!"

"लाखो वर्षं उपाशी ठेवलीस, मग काय होणार?" मंडळाची प्रमुख झेनेबेच म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

अस्कालेने त्याची बाही धरली. "कुठे सापडली रे बाबा ही?"

"दूर ओसाड रानात, आजी. एकेक तुकडा वेचून काढला लोकांनी."

"वेचणारी माणसं होती तर," ती म्हणाली आणि त्सिगेचा हात धरून बाहेर चालू लागली.

दुसरं म्युझियम राजवाड्यात होतं. बायका सम्राटाचा पलंग बघायला वर गेल्या. अस्काले खाली झाडाखालीच बसली. डब्यातला इंजेरा तिने तसाच परत गुंडाळला.

शेवटच्या म्युझियममध्ये बेहायलूचा आवाज आपोआप उतरला. एका खोलीत छतापर्यंत फोटो होते. कॉलेजची मुलं, शाळकरी मुली, टाय लावलेले मास्तर. झेनेबेचने डोक्यावरची शाल पुढे ओढली.

तिथले देखरेख करणारे लेम्माकाका स्वतः त्या काळी तुरुंगात होते. त्यांनी अस्कालेला आपल्या खुर्चीवर बसवलं. मुलाचं नाव, कॉलेज, कुठून नेलं, सगळं शांतपणे विचारून घेतलं. मग म्हणाले, "द्या, ताई."

तिने गळ्यातलं फडकं सोडलं. फोटो दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिला. लेम्माकाका खिडकीजवळ गेले. त्यांनी तो उजेडात धरला, जरा तिरपा केला, मग त्सिगेकडे पाहिलं. त्सिगे जवळ गेली.

फोटोत शर्टाची कॉलर होती. वर थोडे केस होते. मध्ये चेहऱ्याच्या जागी नुसता पिवळट पांढरा डाग होता. आईच्या ओठांनी तो पुसला गेला होता.

"लागेल ना?" अस्कालेने विचारलं. "हसतोय त्यात. बहिणीची आठवण आली की असाच हसायचा."

"दुसरा एखादा नाही का, ताई?"

"का? ह्याला काय झालं?"

त्सिगेने लेम्माकाकांकडे पाहिलं. शेवटी लेम्माकाकांनीच सांगितलं, अगदी हळू. अस्कालेने फोटो परत घेतला, डोळ्यांजवळ नेला, बोटाने चाचपला.

"काय बोलता! मला रोज दिसतो यात." मग ती मुलीकडे वळली. "त्सिगे, तू सांग यांना. कसा होता तो?"

त्सिगे तेव्हा अंगणात खेळणारी पोर होती. तिने खूप आठवून पाहिलं. "उंच होता," ती म्हणाली.

"उंच? ठेंगणा होता गं! तू लहान, म्हणून तुला उंच वाटायचा." अस्कालेचा आवाज चिडका झाला. "मी सांगते. त्याचे डोळे..."

ती थांबली. लेम्माकाका वाट बघत राहिले. "डोळे त्याचे..." ती पुन्हा म्हणाली. तोंड उघडं राहिलं, हात हवेत कपाळाएवढ्या उंचीवर थांबला. मग तो हळूच मांडीवर आला.

"नाव तरी लिहून ठेवतो," लेम्माकाका म्हणाले. "पण मेला असं नाही लिहिता येणार, ताई. पाहणारा कुणीतरी लागतो. त्या कॉलेजातल्या मुलांना पाहिलेले माझ्याबरोबरचे कैदी मी शोधलेत. आता कुणी उरलेलं नाही."

बसमध्ये झेनेबेच शेजारी येऊन बसली. "काय म्हणाले गं? तंबूचं बघू ना?"

"राहू दे," अस्काले म्हणाली.

"अगं, मंडळाला मी समजावते. कोण नाही म्हणतंय?"

"कोणासाठी टाकणार?"

झेनेबेच उठून पुढे गेली. चढावर थंडी वाढली. बायकांनी शाली कानांवर घेतल्या.

त्यानंतर अस्काले दोन हिवाळे जगली. चर्चला जायची, शेजारणींकडे कॉफीला बसायची. मुलाचं नाव मात्र तिने कधी काढलं नाही. एकदा त्सिगेने न राहवून विचारलं, "आई, फिक्रूची आठवण येते का गं?"

म्हातारीने चुलीवरून नजर उचलली.

"कोण?" ती म्हणाली.

ती खरंच विसरली होती की मुद्दाम म्हणत होती, ते त्सिगेला कळलं नाही. पुन्हा विचारायची तिची छाती झाली नाही.